नंदीवाल्याच्या मल्हारीची वर्तणूक

डॉक्टर मल्हारी कोणालाही रागावत नसे, आणि या एका गोष्टीचा मला आयुष्यभर राग आला. समोरचा माणूस धडधडीत चुकत असला तरी हा गृहस्थ शांत बसून राही. तोच माणूस कधी चुकूनमाकून बरोबर वागला, की मान पुढे करून म्हणे, "हां, अस्सं." या दोन शब्दांवर त्याने सारा जन्म काढला. बीडला तहसील कचेरीसमोर माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे. कोणी पक्षकार माझ्याशी अरेरावी करू लागला, की मी शेजारी बसलेल्या मल्हारीकडे पाही. वाटे, आता हा शिकलेला माणूस दोन शब्द सुनावील. तो खिशातले फुटाणे खात बसे.

मल्हारी माझा शाळासोबती. पुढे तो मानसशास्त्राचा डॉक्टर झाला. गोळ्या देणारा नव्हे, वर्तन शिकवणारा. जी मुले बोलत नाहीत, स्वतःच्या हाताने जेवत नाहीत, भिंतीवर डोके आपटून घेतात, अशा मुलांना न मारता, न बांधता एकेक घास आणि एकेक शब्द शिकवण्याचे काम आमच्या भागात प्रथम त्याने सुरू केले. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तो हृदयविकाराने गेला. आमच्या गावच्या शाळेने शोकसभा ठेवली आणि 'डॉक्टरांचे बालपण व शिक्षण' हा परिचय लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. गावात शुद्ध भाषा लिहिणारा दुसरा माणूस नाही, हे शाळा चालवणाऱ्या संस्थेलाही ठाऊक आहे. मी विस्ताराने लिहून दिले. संस्थेच्या अध्यक्षांनी ते सारे बाजूला सारले आणि फलकावर एकच वाक्य रंगवून घेतले : 'बालपणापासून कुशाग्र असलेले डॉक्टर मल्हारी याच विद्यालयाच्या संस्कारांत घडले.' हे वाक्य माझे नाही आणि ते खरेही नाही. सबब खरी हकीकत येथे नमूद करीत आहे.

आमचे गाव नेकनूरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. मल्हारीचा बाप सटवामामा नंदीबैल घेऊन गावोगाव फिरे. गावाबाहेरच्या गायरानावर त्यांची पालाची घरे होती. नंदीचे नाव सोन्या. पाठीवर आरशांची झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात कवड्यांची माळ. मामाने ढोलावर वाकडी काठी घासली की गुबूगुबू आवाज निघे आणि मामा विचारी, "सोन्या, पाटलाच्या घरी औंदा लगीन व्हनार का?" सोन्या मान हलवी. आयाबाया सुपातून धान्य आणून त्याच्या पाया पडत.

ही मान कशी हलते, हे मला मल्हारीने दाखवले तेव्हा आम्ही पाचवीत होतो. वासरू लहान असताना काठी घासायची आणि त्याच वेळी गूळ त्याच्या छातीपाशी धरायचा. वासरू मान खाली-वर करते. केली की गूळ द्यायचा, नाही केली तर काही द्यायचे नाही. पुढे नुसत्या आवाजावर मान हलू लागते. मग गूळ कधी द्यायचा, कधी नाही. गूळ देण्याचे काम मल्हारीचे होते. शाळा सुटली की तो मुठीत खडा घेऊन थेट गोठ्याकडे पळे.

मी त्याला म्हटले, "अन् न्हाईच ऐकलं तर? दोन फटके द्यायचे."

"नंदीला मारत नसतेत," तो म्हणाला. "देव हाय तो. देवाला मारता येत न्हाई, म्हणून तर आमाला शिकवावं लागतं."

हेच वाक्य पुढे त्याने मोठमोठ्या सभांत शुद्ध भाषेत सांगितले आणि लोकांनी वहीत टिपून घेतले. मी ते गोठ्यात, शेणात पाय ठेवून ऐकलेले आहे, ही गोष्ट परिचयात असायला हवी होती.

आमच्या शाळेत मात्र मारता येत असे, त्यामुळे शिकवण्याची फारशी गरज पडत नसे. हेडसर विज्ञान शिकवीत. मल्हारीला ते वर्गात मागे, दाराशी बसवत, कारण त्याच्या कपड्यांना बैलाचा वास येतो असे त्यांचे म्हणणे होते. माझी जागाही मागेच होती. ती माझ्या उंचीमुळे होती. तरीही गुरुत्वाकर्षण, दाब, उष्णता यांवर मल्हारी असे प्रश्न विचारी की सर घड्याळाकडे पाहत. एकदा ते म्हणाले, "तुझ्या बैलाला विचार बे." सारा वर्ग हसला. मल्हारीही हसला. मला ते तेव्हाही आवडले नव्हते.

आम्ही आठवीत असताना शाळेची घंटा नाहीशी झाली. काशाची, जाड थाळीसारखी ती घंटा व्हरांड्यात टांगलेली असे. एका सोमवारी सकाळी तेथे नुसता आकडा लोंबत होता. हेडसरांनी मुलांची दप्तरे झाडली, सगळ्यांच्या हातांवर छड्या मारल्या, घंटा मिळेना. मग या विज्ञानाच्या शिक्षकाने जे केले, ते मी एखाद्या अर्जात लिहिले असते तर साहेबांनी अर्ज परत केला असता. त्यांनी सटवामामाला नंदी घेऊन शाळेत बोलावले. पोरांची मैदानात रांग करायची, नंदी रांगेपुढून फिरवायचा, आणि तो ज्याच्यापुढे मान हलवील तो चोर.

"सटवा, तुझा नंदी खरं सांगतो ना?" सरांनी सगळ्यांदेखत विचारले.

"सांगतो की, सर."

ज्याचे सारे घर त्या बैलाच्या मानेवर जेवत होते, तो दुसरे काय सांगणार?

मामाचा बेत साधा होता. हे त्यांनी मला फार पुढे सांगितले. ढोल वाजवायचाच नाही. ढोल वाजला नाही की सोन्या मान हलवत नाही. रांगेच्या टोकाला जाऊन म्हणायचे, 'सर, चोर हितं न्हाई,' आणि घरी जायचे. ते तसेच निघाले. पहिली काही पोरे गेली, माझ्यापुढून सोन्या गेला, त्याचा गरम श्वास माझ्या गळ्याला लागला. माझ्यापलीकडे मल्हारी उभा होता. त्याला पाहताच त्या मुक्या जनावराने कासरा ओढला, पुढे होऊन मल्हारीच्या मुठीला नाक लावले आणि ढोल नाही, काठी नाही, तरी मान हलवायला सुरुवात केली. थांबेचना. रोज याच पोराच्या हातून गूळ मिळत होता. बैलाने त्याच्यापुढे दुसरे काय करावे?

हेडसर म्हणाले, "सापडला."

"सर, म्या न्हाई घेतली घंटा," मल्हारी म्हणाला.

"नंदी खोटं बोलतो म्हणतोस? बापासमोर?"

आता येथे वाचकाने क्षणभर थांबून सटवामामाची स्थिती ध्यानात घ्यावी. बैल खरा म्हणावे तर पोरगा चोर ठरतो, शाळा सुटते. बैल गुळासाठी मान हलवतो म्हणावे तर पंचक्रोशीत पुन्हा कोणी सुपातले धान्य घालणार नाही. मैदानाच्या कडेला निम्मे गाव उभे होते. मल्हारी बापाकडे पाहत होता. त्याला सगळे ठाऊक होते, पण बापाची विद्या बापाच्या परवानगीवाचून चारचौघांत उघडी करायची नाही, ही त्यांच्या घरची रीत होती.

मामांनी पटक्याच्या पदरातून गुळाचा खडा काढला. हेडसरांपुढे जाऊन अदबीने म्हणाले, "सर, जरा हात करा."

सरांना वाटले प्रसाद आहे. त्यांनी हात पुढे केला. मामांनी खडा त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि कासरा सैल सोडला. सोन्या वळला, हेडसरांपाशी गेला आणि मोठ्या भक्तिभावाने मान हलवू लागला.

सगळे मैदान हसले. मीही मोठ्याने हसलो, आणि त्या हसण्याचा मला आजही अभिमान आहे. हसले नाहीत ते तिघे : हेडसर, मल्हारी आणि सटवामामा.

"माज्या पोराला शिकू द्या सर," मामा म्हणाले. "बैल गुळाला हालतो. चोर त्याला कळत न्हाई."

एखाद्या न्यायी माणसाने तेथेच पोराच्या पाठीवर हात ठेवला असता. हेडसरांनी दुसऱ्या दिवशी मल्हारीचे नाव कमी करून दाखला त्याच्या हातात दिला. वर्तणूक : वाईट. शेरा : चोरीचा संशय व उद्धटपणा. आणि ती घंटा कोठे होती? मारुतीच्या देवळात. तेथे सप्ताह बसला होता. आरतीसाठी लोकांनी शाळेच्या शिपायाला विचारून घंटा नेली होती, आणि शिपाई त्याच दिवशी सासुरवाडीला गेला. रोज संध्याकाळी ती घंटा साऱ्या गावाच्या कानांवर पडत होती. खुद्द हेडसर तिच्या तालावर टाळ्या वाजवत आरतीला उभे होते. शिपाई परत आला, घंटा परत आली. दाखला मात्र बदलला नाही. "एकदा सही झाली की झाली," असे सर म्हणाले. आयुष्यातला पहिला अर्ज मी त्या वेळी लिहिला, शिक्षणाधिकाऱ्यांना, माझ्या स्वतःच्या अक्षरात. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

मामांचा धंदा त्या भागातून उठला. ते गल्लीत शिरले की पोरे ओरडत, "मामा, गूळ संपला का?" नंदी विकत नसतात, म्हणून मामा सोन्याला घेऊन पाटोदा-आष्टीकडे निघून गेले, जिथे ही कथा पोहोचली नव्हती. मल्हारीही सोबत गेला. बाप धान्य मागे आणि पोरगा शाळा मागे. दाखला पाहिला की मास्तर लोक तो परत देत. चोरीचा संशय असलेले, पालातले पोर कोण वर्गात घेणार? लिंबागणेशच्या पलीकडे एका शाळेत एक म्हातारे मुख्याध्यापक होते. त्यांनी दाखला वाचला आणि दुसऱ्या कोणी न विचारलेला प्रश्न विचारला.

"वर्तणूक वाईट म्हणजे, काय केलंस तू?"

"बैलानं मला बघून मान हालवली, सर."

म्हाताऱ्यांनी त्याला बसवून घेतले, सगळे ऐकून घेतले, पोट धरून हसले आणि त्याला वर्गात नेऊन पहिल्या ओळीत बसवले. मल्हारीच्या शिक्षणात कोणाचे संस्कार असतील तर त्या माणसाचे आहेत. आमच्या फलकावर त्यांचा उल्लेख नाही.

दहावीला आम्ही दोघेही बसलो. मल्हारी उत्तम गुणांनी पास झाला. माझ्या निकालाबद्दल एवढेच सांगतो की तो गणित आणि इंग्रजीचा निकाल होता, माझ्या बुद्धीचा नव्हे. मी तहसीलसमोर टेबल टाकले, तो बीडला कॉलेजात गेला. मानसशास्त्र हा विषय त्याने घेतला, कारण त्या वर्गाला पोरेच नव्हती आणि सर येणाऱ्याला चहा पाजत. एके दिवशी सर परदेशातल्या कुत्र्यांचा प्रयोग सांगत होते : खाणे देताना रोज एक आवाज करायचा, की पुढे नुसत्या आवाजाने तोंडाला पाणी सुटते. मल्हारी उभा राहिला.

"सर, हे तर आमच्या घरचं हाय."

सर म्हणाले, "घरचं असेल रे. पण तुझा बाप करतो ते होतं कसं, थांबतं कधी, हे तुला मांडता येतं का? करून दाखव."

दुसरा असता तर रुसला असता. मल्हारीने नेकनूरच्या बाजारातून एक कोंबडी आणली. कॉलेजच्या गच्चीवर दोन बांगड्या मांडल्या, लाल आणि हिरवी. लाल बांगडीवर चोच मारली की ज्वारीचा दाणा. महिनाभरात कोंबडी हिरवीकडे ढुंकून पाहीना. दाणा बंद केल्यावर ती किती काळ चोच मारत राहते, हे तो पाहू लागला. त्याच सुमारास वसतिगृहाच्या पोरांनी ती कोंबडी कापून भाकरीबरोबर खाल्ली. मी संतापून त्याला म्हणालो, "नावं सांग, आत्ता तक्रार लिहितो."

"जाऊ दे वकील," तो म्हणाला. तो मला वकीलच म्हणे. "मला बी वाडलं व्हतं त्यांनी. शिकलेली कोंबडी काय येगळी लागत न्हाई."

सुटीच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन कचेरीचा दरवाजा पाहत बसे. एकदा एक बाई रडत बाहेर आली. कारकून तिला रोज 'उद्या या' म्हणत होता. मल्हारीने तिला विचारले, "मावशी, त्यो 'उद्या' म्हनल्यावर तुमी काय करता?"

"काय करनार? च्या सांगते त्यास्नी. राग नगं यायला."

"म्हंजी 'उद्या' म्हनलं की च्या मिळतो. मग त्यानं 'आज' कावून म्हनावं?"

बाईने दुसऱ्या दिवशी चहा पाजला नाही, काम झाल्यावर पाजीन म्हणाली. काम झाले की नाही ते विचारू नका. पण कारकून त्या दिवशी प्रथमच फाइल शोधायला उठला, हे मी डोळ्यांनी पाहिले. माझे पक्षकार वर्षानुवर्षे हेलपाटे का घालतात, हेही त्यानेच मला सांगितले. "कधी कधी काम व्हतं, म्हणून मानूस जल्मभर येतो. कधीच झालं नसतं तर घरी बसला असता." हे ऐकून मला अपमान वाटला होता. माझा धंदाच त्यावर चालतो.

मोठ्या विद्यापीठात एम. ए., मग डॉक्टरेट. प्रत्येक प्रवेशाला तो जुना दाखला कोठे ना कोठे निघे आणि समोरचा बाबू चष्म्यावरून पाही. मी त्याला कितीदा म्हटले, "मल्हारी, घंटा सापडली याला गाव साक्षीला आहे. मी अर्ज करतो, शेरा खोडून घेतो. माझे रोजचे काम आहे हे."

"ऱ्हाऊ दे वकील. कागद बदलून मानसं बदलत न्हाईत."

या वाक्याला माझी तीव्र हरकत आहे. ज्याचा कागद चांगला असतो त्याला असे बोलणे परवडते. मल्हारीचा कागद वाईट होता आणि तरी तो असे बोले, म्हणून तो मोठा माणूस होता हे मला मान्य आहे. परंतु चोर नसलेल्याला चोर लिहिणारा हात मोकळा सुटला, त्याचे काय? हेडसर निवृत्त झाले, त्यांचा सत्कार झाला, शाल मिळाली. त्यांच्यासाठी कोणी 'वर्तणूक' असा रकाना काढला नाही.

शोकसभेला मंडप होता, माईक होता, हार घातलेला फोटो होता. अध्यक्ष पाऊण तास बोलले. 'आमच्या मातीचा हिरा,' 'आमच्या शाळेचे लेकरू,' असे म्हणाले. सटवामामा आता ऐंशीच्या घरात आहेत, पुण्याला बांधकामावर असलेल्या धाकट्या मुलाकडे राहतात. त्यांना गाडी पाठवून आणले होते. शाल-श्रीफळ द्यायला त्यांना वर बोलावले, तेव्हा त्यांनी शाल हातातच धरली आणि माईक नसलेल्या बाजूला तोंड करून अध्यक्षांना म्हणाले, "साहेब, शाल नगं. त्याच्या दाखल्यावरचं तेवढं काडा."

अध्यक्षांना कळले नाही. मी खाली उभा राहून मोठ्याने समजावून सांगितले.

"बाबा, गेलेल्या माणसाच्या दाखल्यात दुरुस्ती होत नसते," अध्यक्ष हसून म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् तुम्ही हो, आजच्या दिवशी हे कशाला उकरता?"

मी म्हणालो, "साहेब, तुम्ही त्याला तुमचं लेकरू म्हणता. मग तुमच्या कागदावर ते चोर कसं?"

राष्ट्रगीत सुरू झाले, त्यामुळे उत्तर मिळाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या टेबलासमोर येऊन बसले. म्हणाले, "त्यो जित्ता व्हता तवर नगं म्हनत व्हता, म्हणून म्या गप ऱ्हायलो. माज्या ढोलापायी झालं ते समदं. मी जायच्या आदी निघालं पायजे." मी उत्तम कागद घेतला आणि माझ्या उभ्या आयुष्यातला सर्वांत बांधेसूद अर्ज लिहिला. अन्याय, बदनामी, नैसर्गिक न्यायाचे तत्त्व, घंटा मंदिरात आढळल्याची वस्तुस्थिती. काही बाकी ठेवले नाही. मग तो त्यांना वाचून दाखवला.

मामांनी डोळे मिटून ऐकले. शेवटी म्हणाले, "लई चांगलं लिवलंय. एक ऱ्हायलं."

"काय, मामा?"

"बैलानं त्याला चोर म्हनलंच न्हवतं. बैलानं वळखलं व्हतं त्याला. एवड्या पोरांत आपलं कोन ते त्याला कळलं, म्हून मान हालवली. ते लिवा."

अशा वाक्याला अर्जात जागा नसते. मी कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि विषयाच्या खाली, पहिल्या ओळीत, तेच वाक्य लिहिले. मामांनी अंगठा उठवला. अर्ज संस्थेच्या कचेरीत मी स्वतः नेऊन दिला आहे, आणि तेथील लिपिकाने तो वर न पाहता घेऊ नये म्हणून मी तो त्याला उभ्याने, मोठ्याने वाचून दाखवला आहे.